भोपाळचा कचरा पीथमपूरला जळला, आता दूध तपासा

इंदूरजवळ राऊला नवीन फ्लॅट घेतलेल्या, आमच्या रामबागेतल्या जुन्या शेजाऱ्यांच्या लेकीने मला विचारलं: "काका, तुम्ही आयुष्यभर कारखान्यांच्या चिमण्या तपासल्यात, म्हणून तुम्हालाच विचारते. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा कचरा आमच्या घरापासून जवळ, पीथमपूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या भट्टीत आणून जाळला. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. एक जण सांगतो सगळं मर्यादेत होतं, दुसरा सांगतो दुसरं भोपाळ होणार. तो धूर आमच्याकडे आला का? यशवंतसागर तलावाचं पाणी प्यायचं का? सोसायटीच्या बोरिंगचं काय? विश्वास कुणावर ठेवायचा?"

तुला रात्री झोप लागावी म्हणून आधी मुख्य उत्तर देतो. जाळण्याच्या त्या दिवसांत राऊमध्ये बसून तुझ्या मुलीच्या श्वासातून काही घातक गेलं असेल असं मला वाटत नाही. पण "सगळं सुरक्षित आहे" हे वाक्य मी लिहून देणार नाही. ते लिहायला जे आकडे लागतात ते भट्टी चालू असताना मिळतच नाहीत. ते पुढच्या काही वर्षांत गोळा करायचे असतात, आणि तुझी काळजी तिकडे वळावी असं मला मनापासून वाटतं.

मुळात तो कचरा काय होता ते बघ. ३३७ टन. त्यातली १६२ टन कारखान्याच्या आवारातली दूषित माती, ९२ टन सेविन आणि नॅफ्थॉल यांचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेलं कीटकनाशक आणि २९ टन रिअ‍ॅक्टरमधला गाळ. सेविन म्हणजे कार्बारिल, कार्बाइडचं मुख्य कीटकनाशक. नॅफ्थॉल आणि मिथाइल आयसोसायनेट एकत्र आणून ते बनायचं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुटला तो हा मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे मिक. तो पाण्याशी झपाट्याने अभिक्रिया करतो, त्या रात्री टाकीत पाणी शिरल्यामुळेच सगळं घडलं. असा वायू पोत्यांत चाळीस वर्षं टिकून राहणं शक्य नाही. म्हणून "पीथमपूरला पुन्हा तोच वायू सुटेल" या भीतीला आधार नव्हता. कचरा पीथमपूरला आला त्या जानेवारीत, २०२५ मध्ये, माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगितलं. त्यातल्या काहींना ते आवडलं नाही.

मात्र मिक नाही म्हणजे कचरा निरुपद्रवी, हेही खरं नाही. कार्बाइडच्या आवारात पारा सापडलेला आहे, क्लोरीन असलेली द्रावकं सापडलेली आहेत. या दोन गोष्टी लक्षात ठेव. पारा जळत नाही. आणि क्लोरीन असलेला माल नीट जळला नाही, तर धुरात डायऑक्सिन नावाचं अतिशय विषारी रसायन तयार होतं.

डायऑक्सिनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळ्या वादाचं मूळ तिथे आहे आणि बातम्यांत ते दोन ओळींत उरकलं जातं. घातक कचऱ्याच्या भट्टीला दोन कक्ष असतात. पहिल्यात माल जळतो. दुसऱ्यात धूर ११०० अंशांच्या आसपास किमान दोन सेकंद राहिला पाहिजे, म्हणजे उरलेसुरले रेणू तुटतात. इतक्या तापमानाला डायऑक्सिनसुद्धा तुटतं. अडचण नंतरची आहे. धूर थंड होताना साधारण ४५० ते २०० अंशांच्या पट्ट्यात रेंगाळला, तर उडणाऱ्या राखेच्या कणांवर ते पुन्हा जुळून येतं. म्हणून धूर पाण्याच्या फवाऱ्याने एकदम थंड करायचा, मग त्यावर चुना आणि अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन सोडायचा, बॅग फिल्टरमध्ये कण अडवायचे, शेवटी कॉस्टिक सोड्याचं पाणी फवारणाऱ्या स्क्रबरने धुवायचा. पाराही त्या कार्बनलाच चिकटतो. ही साखळी चांगली आहे, आणि चालवणारा माणूस जागा असेल तर काम करते.

आता मोजणीकडे ये. चिमणीवर चोवीस तास चालणारे मीटर असतात. ते धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड अशा गोष्टी दाखवतात. धूलिकणांना मर्यादा घनमीटरला ५० मिलिग्रॅम, हायड्रोजन क्लोराइडलाही ५०, कार्बन मोनॉक्साइडला १००. रोजच्या बातमीत "सगळे मापदंड मर्यादेत" असं छापून येतं तेव्हा बोलणं या यादीबद्दल चाललेलं असतं. डायऑक्सिन त्या मीटरवर दिसत नाही. त्याची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचाही दहावा हिस्सा. एवढं पकडायला माणसाने चिमणीवर चढून, नळी धुराच्या वेगाइतक्याच वेगाने धूर ओढेल अशी बसवून, सहा-आठ तास नमुना घ्यावा लागतो. मग तो ज्या प्रयोगशाळेत हे काम जमतं तिथे पाठवायचा. आपल्या देशात अशा प्रयोगशाळा थोड्या आहेत, तिरुवनंतपुरमची एनआयआयएसटी त्यातली एक. उत्तर यायला आठवडे लागतात. तोवर भट्टी पुढे चाललेली असते.

म्हणून जुना चिमणीवाला कार्बन मोनॉक्साइडच्या आलेखाकडे बघतो. आकडा अधूनमधून उसळत असेल तर ज्वलन अपुरं होतंय, आणि ज्वलन अपुरं तिथे डायऑक्सिनची शंका. भट्टी पेटवतानाचे आणि विझवतानाचे तास सगळ्यात वाईट. दिवसाची सरासरी काढली की ते तास तिच्यात बुडून जातात. तुला कधी माहितीच्या अधिकारात काही मागायचं असेल तर सरासरी मागू नकोस. मिनिटामिनिटाची नोंद माग, आणि सोबत त्याच वेळी भट्टीत किती किलो माल जात होता ते माग.

हे दुसरं का मागायचं, ते मी स्वतः पाहिलेलं आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी चिमणीचा नमुना घ्यायला जायचो. तीस मीटरची शिडी, वर उन्हात तापलेला पत्रा, हातमोज्यातूनही चटका बसायचा. आकडे नेहमी सुंदर यायचे. तिसऱ्या वर्षी खाली एका ऑपरेटरने चहा पिताना सहज सांगितलं की साहेब येणार त्या दिवशी आम्ही माल निम्मा टाकतो. माझ्या मशीनमध्ये चूक नव्हती, माझ्या आकड्यांतही नव्हती. तरी त्या तीन वर्षांच्या अहवालांना अर्थ नव्हता, आणि त्यावर सही माझी होती. त्या दिवसापासून मालाच्या नोंदीशिवाय मी एकाही अहवालावर सही केली नाही. दोन कामं त्यामुळे गेली. त्याचं मला वाईट वाटत नाही. पहिल्या तीन सह्यांचं अजून वाटतं.

पीथमपूरच्या बाबतीत मालाचा वेग जाहीर होता, ही गोष्ट मला चांगली वाटली. १० टनांच्या तीन चाचण्या झाल्या, ताशी १३५, १८० आणि २७० किलोच्या वेगाने. पहिली २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरू झाली, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली त्याच्या दुसऱ्या दिवशी. उरलेले ३०७ टन ताशी २७० किलोने जाळायचे ठरले. आता तू स्वतः भागाकार कर: ११३७ तास, म्हणजे साधारण ४७ दिवस. प्रत्यक्षात काम ५ मे ते जूनअखेर, ५५ दिवसांच्या आसपास चाललं. मधे देखभालीसाठी भट्टी थांबते, फिल्टर बदलावे लागतात, त्यामुळे हा फरक मला पटण्यासारखा वाटतो. हेच काम ३५ दिवसांत झालं असं कुणी सांगितलं असतं, तर मी बाकीचा अहवाल उघडलाही नसता. बातमीतला आकडा असा आपल्या हाताने करून बघायची सवय लाव. दहावीचं गणित पुरतं.

वाऱ्याचंही तू विचारलंस. राऊ पीथमपूरच्या पूर्वेला, आणि मे-जूनमध्ये माळव्यात वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे दिशा तुमच्याकडचीच होती. पण तो वारा जोराचा असतो, दुपारी जमीन तापून हवा वर उचलली जाते, आणि धूर पातळ होत जातो. याउलट डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा जमिनीलगत झाकणासारखी बसते आणि धूर तिच्याखाली अडकतो. मला विचारलं असतं तर मीही हे काम हिवाळ्यात करू नका असंच सांगितलं असतं.

वाऱ्याबद्दल मी इतकं बोलतो याला कारण आहे. १९८४ मध्ये मी होळकर सायन्स कॉलेजात होतो, आणि माझी मावशी भोपाळला टी. टी. नगरात, म्हणजे कारखान्यापासून दूर नव्या शहरात राहायची. त्या रात्री वारा कारखान्याकडून जुन्या शहराकडे आणि स्टेशनकडे वाहिला. कारखान्यासमोरच्या जयप्रकाश नगरात आणि स्टेशनच्या बाजूला माणसं झोपेत गेली, आणि मावशीला सकाळी रेडिओवरून कळलं. तेच शहर, तीच रात्र. सरकारी हिशेबानेच मृत्यू पाच हजारांवर. मावशी पुढे कित्येक वर्षं रात्री खिडकी उघडी ठेवत नव्हती.

तर धूर. डायऑक्सिन माणसाच्या शरीरात जातं त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त अन्नातून जातं, श्वासातून फार थोडं. चिमणीतून निघालेला कण गवतावर, मातीवर बसतो. गाय-म्हैस ते गवत खाते. डायऑक्सिन चरबीत साठतं, म्हणून ते दुधात उतरतं. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या माती टिपतात, म्हणून त्यांच्या अंड्यांत आणखी लवकर दिसतं. माणसाच्या शरीरात शिरलं की निम्मं व्हायला सात ते अकरा वर्षं घेतं. म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे: ५५ दिवसांच्या चिमणीच्या आकड्यांवर भांडत बसण्यापेक्षा तारपुऱ्याच्या म्हशींचं दूध तपासा. भट्टीला लागून असलेलं ते गाव. तिथलं दूध, तिथल्या गावठी कोंबड्यांची अंडी, तिथली वरची दोन-तीन इंच माती, आणि तुलनेसाठी तीसेक किलोमीटर दूरच्या, वाऱ्याच्या उलट बाजूच्या गावातलं तेच सगळं. दर सहा महिन्यांनी, निदान दहा वर्षं. भट्टी पेटण्याआधीच्या दुधाचा आकडा हातात असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर दूरच्या गावाचा आकडाच आपला तुलनेचा आधार. पुढारी, अधिकारी, आंदोलक, ज्यांना ज्यांना मी भेटलो त्यांना मी हीच एक मागणी करा म्हणून सांगितलं. ती घोषणेत बसत नाही, ही तिची अडचण.

राखेचं थोडं समजून घे, कारण त्यावरून बरेच गैरसमज झाले. ३३७ टन जाळून आठशे टनांहून जास्त राख आणि अवशेष निघाले, तेव्हा लोकांना वाटलं यात नक्की काहीतरी लपवलंय. नाही. निम्मा माल माती होती, माती जळत नाही. वरून क्लोरीन आणि गंधक मारायला भरपूर चुना घातला, तो क्षार होऊन राखेतच आला. वापरलेला कार्बन आला. वजन वाढणारच. मला काळजी वजनाची नाही, त्या राखेत बसलेल्या पाऱ्याची आणि इतर जड धातूंची आहे. जाळल्याने सेंद्रिय विष संपतं, धातू मात्र जागा बदलतात. आता ते राखेत आहेत, आणि राख प्लास्टिकच्या जाड थरांनी मढवलेल्या खड्ड्यात कायमची सांभाळायची आहे. त्या थराखाली झिरपलेलं पाणी गोळा करायचा पाइप असतो. त्या पाण्याची आणि खड्ड्याभोवतीच्या बोरिंगची तपासणी पुढच्या पन्नास पावसाळ्यांत कोण करणार? राखेची जागा हा विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला ते योग्यच झालं. वस्तीपासून किती दूर, भूजल किती खोल, हे तिथे विचारलंच पाहिजे.

आणि माळव्यात हा प्रश्न अधिक अवघड आहे. आपल्याखाली काळा बसाल्ट. वाळूत पाणी सरसकट हळूहळू सरकतं, बसाल्टमध्ये ते भेगांतून धावतं. एका बोरिंगचं पाणी खराब, आणि पन्नास पावलांवरच्या दुसऱ्याचं चांगलं, असं मी कितीदा पाहिलंय. चार बोरिंग चांगली निघाली म्हणून भूजल स्वच्छ, हे अनुमान इथे चालत नाही. तारपुऱ्याचे लोक भोपाळचा कचरा येण्याच्या कितीतरी आधीपासून पाण्याची तक्रार करत आहेत. त्यांचं कुणी ऐकून घेतलं असतं, तर २०२५ चा जानेवारी वेगळा गेला असता.

तो जानेवारी आठव. ३ डिसेंबर २०२४ ला उच्च न्यायालयाने कचरा भोपाळहून हलवायला चार आठवड्यांची मुदत दिली. १ जानेवारीच्या रात्री १२ कंटेनर बंदोबस्तात भोपाळहून निघाले, पहाटे पीथमपूरला पोचले. गावातल्या माणसाला हे कळलं ते गाड्या आल्यावर. ३ तारखेला बंद झाला, दोघांनी अंगावर पेटवून घेतलं. दगडफेकही झाली. २०१५ मध्ये याच ठिकाणी १० टनांची चाचणी झालेली होती, म्हणजे माणसांशी बोलायला जवळजवळ दहा वर्षं हातात होती. चाचणीचे अहवाल हिंदीत छापून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायला किती खर्च आला असता? न्यायालयाने सरकारला नंतर लोकांना विश्वासात घ्यायला वेळ दिला. तो आधी घ्यायचा असतो.

कचरा पीथमपूरलाच का आला, हेही कडवट आहे. २००७ मध्ये अंकलेश्वरला न्यायचं ठरलं होतं, गुजरातने नकार दिला. पुढे नागपूरजवळच्या संरक्षण खात्याच्या भट्टीचं नाव निघालं, महाराष्ट्राने विरोध केला. २०१२ मध्ये जर्मनीला न्यायची बोलणी झाली, तिथल्या विरोधामुळे तीही मोडली. प्रत्येकाने आपल्या माणसांच्या काळजीपोटी नाही म्हटलं, त्यांना मी दोष देत नाही. पण ज्यांना नाही म्हणायची ताकद नव्हती, त्यांच्या दारात तो उतरला. मी तांत्रिक माणूस. भट्टी बरी होती असं माझं मत आहे, आणि तारपुऱ्यावर अन्याय झाला असंही माझं मत आहे. या दोन मतांत मला विरोध दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मला सलते. जूनअखेर कचरा संपला तेव्हा भोपाळचं विष संपलं, असं वाचायला मिळालं. जे जळलं ते गोळा करून पोत्या-पिंपांत भरलेलं, शेडमध्ये ठेवलेलं होतं, म्हणजे त्यातल्या त्यात आटोक्यातलं. कारखान्याच्या आवारात आणि बाहेरच्या बाष्पीभवन तळ्यांत जे मुरलं, ते तिथेच आहे. 'नीरी' या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या २०१० च्या अंदाजात दूषित मातीचा आकडा अकरा लाख टनांच्या घरात होता. त्यापुढे ३३७ टन किती, तूच बघ. भोवतालच्या वस्त्यांना नळाचं पाणी द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ मध्ये द्यावा लागला, कारण हातपंपाचं पाणी पिण्यासारखं नव्हतं. तिथल्या माणसांचा प्रश्न पीथमपूरच्या भट्टीत जळलेला नाही.

आता तुझ्या घराचं. इंदूरचं बहुतेक पाणी नर्मदेचं, जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून पंप होऊन येतं, त्याचा पीथमपूरशी संबंध नाही. यशवंतसागर गंभीर नदीवरचा, होळकरांच्या काळातला. पीथमपूरच्या बाजूचं पाणी गंभीरमार्गे तिथे पोचू शकतं ही शंका रास्त आहे, म्हणून त्या तलावाच्या पाण्याची जड धातूंसाठी नियमित तपासणी मागायची. मागून घे, तुझा हक्क आहे. पण आज घाबरून नळ बंद करू नकोस.

सोसायटीच्या बोरिंगची काळजी मात्र मला आहे, आणि तीही भोपाळच्या कचऱ्यामुळे नाही. औद्योगिक पट्ट्याच्या जवळ कुठेही बोरिंग तपासल्याशिवाय पिऊ नये, हे मी कचरा यायच्या वीस वर्षं आधीही सांगत होतो. फिल्टर विकायला येणारा मुलगा मीटर बुडवून टीडीएस दाखवतो. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, बस. पारा, शिसं, द्रावकं ज्या प्रमाणात घातक असतात, त्या प्रमाणात तो मीटर हलतसुद्धा नाही. नॅशनल अ‍ॅक्रेडिटेशन असलेल्या प्रयोगशाळेतून जड धातू, क्लोरीनयुक्त द्रावकं आणि कीटकनाशकं या तीन चाचण्या करून घ्या. खर्च सोसायटीत वाटून घेतला तर प्रत्येक घरावर फार येणार नाही.

नमुना नीट घेतला नाही तर पैसे वाया जातील, म्हणून पद्धत सांगतो. मोटर दहा-पंधरा मिनिटं आधी चालू ठेव, पाइपातलं शिळं पाणी जाऊ दे. टाकीतून घेऊ नकोस, बोरिंगच्या तोंडाशी घे. द्रावकांसाठी काचेची तपकिरी बाटली, काठोकाठ भरलेली, उलटी केली तर आत हवेचा बुडबुडा दिसता कामा नये, नाहीतर जे शोधायचंय ते बुडबुड्यात निघून जातं. धातूंसाठी वेगळी प्लास्टिकची बाटली, तिच्यात आम्लाचे थेंब प्रयोगशाळावालेच घालून देतील. दोन्हींवर तारीख, वेळ, बोरिंगची खोली लिही. बर्फाच्या डब्यात ठेव आणि त्याच दिवशी पोचव. एकदा उन्हाळ्याच्या शेवटी, पाणी खोल गेलेलं असताना, आणि एकदा गणपती झाल्यावर, पाऊस मुरल्यावर. दोन्ही कागद आले की माझ्याकडे घेऊन ये, मुलीलाही आण.